‘सहा-बाराची गेली का?’

ताई, मी ३१ वर्षांची आहे. डोंबिवलीला आईबरोबर राहते. मानसशास्त्रात एम.ए. झालं, नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पास आहे पण जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) नाही. सहा वर्षं एका डिग्री कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने, शिकवतेय. बाबा माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होते. २०१६ला रिटायर झाले आणि एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेले. वॉर्डातून व्हिडिओ कॉल लागला की आधी विचारायचे, ‘सहा-बाराची गेली का?’ ती त्यांची ड्युटीची लोकल. ते गेल्यावर मी फ्रँकल, रोलो मे, यालोम या मानसोपचारतज्ज्ञांची पुस्तकं वाचत सुटले. मला एक्झिस्टेन्शियल-ह्युमॅनिस्टिक सायकॉलॉजीतच, म्हणजे मरण, एकटेपण, जगण्याचा अर्थ असल्या प्रश्नांच्या मानसशास्त्रातच पीएच.डी. करायचीय आणि पुढे तेच शिकवायचंय. ज्या मॅडम गाइड व्हायला तयार आहेत त्या म्हणतात, ‘हे फिलॉसॉफीवाल्यांचं काम. मोजायला स्केल कुठलं वापरणार? त्यापेक्षा शिक्षकांमधला बर्नआउट घे.’ अमेरिकेतल्या एका संस्थेत हा विषय रीतसर शिकवतात, पण त्यासाठी राहता फ्लॅट तारण ठेवावा लागेल. तो आकडा ऐकल्यापासून आई गप्प आहे. मामा म्हणतो, एचआरमध्ये शीर. हे मी दुःखापोटी करतेय की मला खरंच हवंय, तेही कळत नाही. या विषयात करिअर होतं का?
– अस्वस्थ, डोंबिवली

मुली,

चौतीस वर्षं तुझ्या वयाच्या मुलींना शिकवलं, त्यामुळे ‘अहो-जाहो’ लिहायला गेले की हात अडतो. म्हणून ‘तू’च म्हणते, रागवू नकोस.

फ्लॅट तारण ठेवू नकोस. बाकीचं उत्तर सावकाश वाच, पण हे आधी ऐक. त्या परदेशी संस्था फसव्या आहेत असं माझं म्हणणं नाही. सेब्रूकची संस्था १९७१पासून हेच शिकवतेय, पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठाची तर या कामात मोठी परंपरा आहे. पण पदवी घेऊन तू येणार परत मुंबईतच. इथे जाहिरातीत ‘असिस्टंट प्रोफेसर, मानसशास्त्र’ एवढंच छापतात. ‘अस्तित्ववादी-मानवतावादी मानसशास्त्र’ अशी जागा निघालेली मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. जी निघते तिला नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) लागतं आणि ते तुझ्या हातात आहे. सातव्या वेतन आयोगात त्या पदाचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये आहे. पुढे असोसिएट व्हायला पीएच.डी. हवीच, ती कलिन्याच्या मुंबई विद्यापीठाची असो नाहीतर कॅलिफोर्नियाची. कॅलिफोर्नियाची असेल तर समकक्षतेच्या दाखल्यासाठी खेटे घालायचे ते वेगळेच.

म्हणजे तू विचारलंस त्याचं रोखठोक उत्तर असं, की या नावाचं करिअर आपल्याकडे नाही. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचं करिअर आहे, आणि त्याच्या आत बसून हे काम करता येतं. ज्यांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपतेस त्यांनी दुसरं काय केलं? मानवतावादी मानसशास्त्र उभं करणाऱ्या मॅस्लोने १९३४ साली डॉक्टरेट मिळवली ती माकडांमध्ये कोण कोणावर दादागिरी करतं यावर. माकडांवर! त्याच्याच जोडीच्या कार्ल रॉजर्सचं नाव काढलं की आपल्याकडे ‘अनकंडिशनल पॉझिटिव्ह रिगार्ड’ (समोरच्याला विनाअट स्वीकारणं) म्हणत सगळे डोळे मिटतात. पण हा माणूस १९४०च्या सुमाराला समुपदेशनाच्या बैठका तबकड्यांवर रेकॉर्ड करत होता, आणि १९४२ साली त्याने एका अख्ख्या केसचा शब्दन्‌शब्द छापून लोकांपुढे ठेवला. बंद खोलीत चालणारी गोष्ट तपासायला उघडी केली. १९५६ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने वैज्ञानिक योगदानाचा पुरस्कार पहिल्यांदा दिला, तेव्हाच्या तिघांत तो होता. तुझ्या मॅडमना हे सांगितलंस तर निदान ‘फिलॉसॉफीवाले’ हा शब्द त्या जरा जपून वापरतील.

रोलो मेची गोष्ट तर तुझ्यासाठीच ठेवल्यासारखी आहे. त्याला क्षय झाला, सॅनटोरियममध्ये पडून राहावं लागलं आणि तिथे चिंता म्हणजे काय हे त्याला पुस्तकाआधी अंगावर कळलं. फ्रॉइड आणि डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्ड त्याने अंथरुणात वाचले. तू बाबांनंतर वाचत सुटलीस तसंच म्हण. पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९४९ला कोलंबियाची डॉक्टरेट मिळवताना त्याने नुसतं किर्केगार्डवर निबंध लिहून भागवलं नाही. न्यूयॉर्कमधल्या १३ कुमारी मातांचा त्याने एकेकीला भेटून अभ्यास केला, रोर्शाकच्या शाईच्या डागांची चाचणीसुद्धा लावली. आईने झिडकारलेल्या मुलीत चिंता जास्त असणार, असं तो धरून चालला होता. मध्यमवर्गीय मुलींत ते दिसलं. गरीब घरच्या काही मुलींत दिसेना. त्यांनाही आईने झिडकारलेलंच होतं, पण झिडकारलंय हे त्यांना स्वच्छ ठाऊक होतं. चिंता होती ती आईच्या प्रेमाच्या सोंगात वाढलेल्या मुलींना. रोलो मे याला आपलं गृहीतक बदलावं लागलं. त्या मुलींना भेटलाच नसता तर आधीच ठरवलेलं उत्तर छान भाषेत लिहून मोकळा झाला असता.

आता मॅडम. त्यांच्यावर राग धरू नकोस. ‘स्केल कुठलं’ हा प्रश्न आरआरसीत, म्हणजे संशोधनाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, कोणीतरी विचारणारच आहे. त्यांनी तो घरच्या घरी विचारला, हे बरंच झालं. माझ्या वेळी मलाही विचारला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी निमूटपणे बँक कर्मचाऱ्यांचं कार्यसमाधान घेतलं. दोनशेच्या वर फॉर्म भरून आणले, फोर्टातल्या शाखाशाखांतून, उन्हातान्हात. एका कॅशियरने सगळ्या प्रश्नांवर व्यवस्थित टिक केलं होतं आणि खाली समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘माझं दुखणं ह्या प्रश्नांत नाही.’ मी गाइडना दाखवलं. ते म्हणाले, ‘खोडून टाका, कोडिंगला अडचण होईल.’ खोडलं. थीसिस झाला, व्हायवा झाला, पेढे वाटले. तक्त्यांतला एक आकडाही आज आठवत नाही. ती पेन्सिल आठवते.

तरीही सांगते, स्केलवाल्यांना नावं ठेवू नकोस. ‘माणूस मोजता येत नाही’ असं ज्या सुरात आपले लोक म्हणतात त्यात पुष्कळदा आकडेमोडीचा कंटाळाच असतो. मॅडमकडे जाताना तुझ्या हातात पद्धत पाहिजे. विषय घेऊन गेलीस म्हणून त्यांनी परत पाठवलं. पद्धत घेऊन जा.

पद्धत म्हणजे काय ते एका मुलाखतीवरून सांगते. दहाएक वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांना घरी जाऊन भेटत होती. परळच्या एका चाळीत मीही तिच्यासोबत गेले होते. साठीचा माणूस, खाटेवर, पायाशी घडी केलेली चादर. हिने विचारलं, ‘काका, दिवस कसा जातो?’ टेपवर पुढे कितीतरी वेळ नुसता पंखा ऐकू येतो. मग तो म्हणतो, ‘मोटर कोण लावतंय माहीत नाही.’ पहाटे पाच-दहाला पाणी यायचं, आणि अठरा वर्षं पंपाची मोटर यानेच लावली होती. ‘टाकी वाहिली तर वरचे बोंबलतात. भरली नाही तर सगळेच.’ पुन्हा पंखा. ‘आता मी पडूनच असतो. पण पाच-दहाला जाग येते.’

पोरीने या उताऱ्यापुढे लिहून आणलं ‘मृत्यूची भीती’. यालोमने १९८०च्या ग्रंथात चार मूळ चिंता सांगितल्यात ना, मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण, अर्थहीनता, त्या हिने चार डबे मांडावेत तशा मांडल्या होत्या आणि प्रत्येक वाक्य कुठल्यातरी डब्यात कोंबलं होतं. मी म्हटलं, अगं, हा माणूस मरणाबद्दल चकार शब्द बोललेला नाही. मोटरचं बोलतोय. आधी मोटर ऐक.

ड्यूकेनच्या अमेदेओ जॉर्जीने १९७०नंतर जी पद्धत बसवली ती इथे उपयोगी पडते. आधी मुलाखत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, कशावरही खूण न करता. दुसऱ्यांदा वाचताना जिथे जिथे अर्थ वळण घेतो तिथे रेघ मारायची. असे अर्थाचे तुकडे पडतात. मग प्रत्येक तुकडा मानसशास्त्राच्या भाषेत लिहायचा, पण माणसाने दिलं तेवढंच, पदरचं घालायचं नाही. हे करताना आपली पाठ असलेली थिअरी आणि आपले अनुभव बाजूला ठेवायचे. सगळ्यांत अवघड हेच. वरच्या उताऱ्याचं आम्ही शेवटी असं केलं: ‘दिवसाबद्दल विचारल्यावर तो आपल्या हातून गेलेल्या कामाबद्दल बोलतो. काम दुसऱ्याकडे गेलं, पण त्या कामाची वेळ अजून त्याच्या अंगात आहे, आणि तिचं आता काय करायचं ते त्याला कळत नाही.’ एवढ्या दोन वाक्यांना आम्हाला एक अख्खी दुपार लागली. सगळ्या मुलाखतींचं असं झालं की त्यांतून समान काय निघतं ते पाहायचं. जॉर्जीच्या मते निदान तीन माणसं हवीत. आपल्याकडच्या कमिटीला तीन म्हणालीस तर पाणीसुद्धा विचारणार नाहीत. दहा-बारा ठेव.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. ‘स्केल नाही, पण पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीचा कागद मी दाखवीन.’ तुझ्या रेघा, तुझी खोडाखोड, दुसरं कोणीतरी तेच वाचून काय म्हणालं, सगळं जपून ठेवायचं. असे पेपर घेणारी चांगली नियतकालिकंही आहेत. ‘जर्नल ऑफ ह्युमॅनिस्टिक सायकॉलॉजी’ १९६१पासून चालू आहे. पैसे भरले की आठवड्यात छापून देतो म्हणणारे मेल येतील, ते उघडूही नकोस.

दुसरा आक्षेप येईल, ‘या थेरपीला पुरावा काय?’ तोही पाठ करून जा, आणि अर्धवट सांगू नकोस. व्होस, क्रेग आणि कूपर यांनी २०१५ साली १५ नियंत्रित अभ्यास एकत्र केले, मिळून १,७९२ माणसं. जीवनातल्या अर्थावर थेट काम करणाऱ्या उपचारांचा चांगला परिणाम दिसला; बाकीच्या अस्तित्ववादी शाखांचा पुरावा तोकडा पडला. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयात ब्रेटबार्टने फ्रँकलचा ‘जगण्याचा अर्थ’ हा धागा पकडून कॅन्सर पेशंटांसाठी गटात आठ आणि एकेकट्याला सात बैठकांचा आखीव उपचार तयार केला आणि तो रीतसर तपासलाही. आपल्या बाजूचं लंगडं आहे ते आपणच आधी सांगितलं की व्हायवा घेणारा निम्मा गार पडतो, हा माझा अनुभव.

एक खबरदारी. पीएच.डी. मिळाली म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही. त्याला १९९२च्या कायद्याखाली आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते आणि तिचा अभ्यासक्रम वेगळा. तुझ्या पत्रात उपचाराचा उल्लेख नाही, शिकवायचंच लिहिलंयस, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. पण ऑनलाइन डिप्लोमा करून ‘एक्झिस्टेन्शियल थेरपिस्ट’ म्हणून बसलेले पाहून मोह होईल. नको.

आता विषय. ‘अस्तित्ववादी-मानवतावादी मानसशास्त्र’ हा विषय होऊ शकत नाही, ते तुझ्या खोलीचं नाव झालं. आणि देवाशपथ, ‘भगवद्गीता आणि फ्रँकल: तौलनिक अभ्यास’ करू नकोस, ते कोणीतरी तुला सुचवणारच आहे.

तुझ्या पत्रातलं मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. रिटायर होऊन पाच वर्षं झालेला फिटर, तोंडाला ऑक्सिजन, बाहेर सामान्य माणसाला लोकलमध्ये चढायचीही परवानगी नाही असे दिवस, आणि तो विचारतोय, ‘सहा-बाराची गेली का?’ तू त्यावर एकही वाक्य लिहिलं नाहीस, पुढच्याच ओळीत फ्रँकल आला. मी मास्तरीण म्हणून तिथे लाल रेघ मारली असती. वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसाला भोंग्याविना, गाडीविना वेळ कसा अनुभवाला येतो? हा प्रश्न छोटा आहे, मुंबईचा आहे, आणि डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत तुला माणसं मिळतील. बाबांचे दोस्त तुला घरात घेतील, कॉलेजच्या लेटरहेडची वाट बघणार नाहीत. फक्त अगदी जवळच्या दोस्तांची मुलाखत घेऊ नकोस. ते तुला बाबांच्या आठवणी सांगत बसतील आणि तू ऐकत बसशील. ते हवंच आहे, पण थीसिससाठी नाही.

दुःखापोटी करतेयस का, हे विचारलंस. असेनाका. रोलो मे क्षयापोटी करत होता. पद्धतीत त्यालाही जागा आहे: मुलाखती सुरू करण्याआधी वहीत चार-पाच पानं लिहायची, की हा प्रश्न माझ्याकडे कुठून आला, मला कुठलं उत्तर ऐकायचंय, कुठलं ऐकवणार नाही. बाबा त्या पानांत राहतील. पण एक नीट बघ. एखाद्याच्या बोलण्यात तुझे बाबा ऐकू यायला लागले, वाक्यं लिहून काढता येईनात, रात्री झोप उडाली, तर काम थांबव आणि स्वतः कोणा समुपदेशकाकडे जा. त्यात मानसशास्त्राच्या बाईंना लाजण्यासारखं काही नाही, आम्ही लाजतो तरीही.

पैशांचं पटकन सांगते. जेआरएफची वयोमर्यादा ३० असली तरी बायकांना पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे तुझ्याकडे अजून तीन-चार वर्षं आहेत. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पुन्हा बस. मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. सीएचबीच्या बिलाची वाट बघत बसायची वेळ येणार नाही. जेआरएफ हुकली तरी २०२४पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेश होऊ शकतो, पण ते गुण एकच वर्ष चालतात, तेव्हा जुन्या निकालावर विसंबू नकोस. पीएच.डी.ची मुदत २०२२च्या नियमांप्रमाणे तीन ते सहा वर्षं. बायकांना वर दोन वर्षं मिळतात आणि बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंत रजाही. लग्नाचं तू लिहिलेलं नाहीस, पण ३१व्या वर्षी घरात तो विषय निघत नसेल यावर माझा विश्वास नाही, म्हणून हे आईच्या कानावर घाल. मामाला एचआरचं म्हणशील तर प्रामाणिकपणे वर्षभराची मुदत माग: एका वर्षात प्रवेश झाला नाही तर अर्ज टाकीन. आणि म्हटलंस तर टाकायचाही. नोकरी करून हा विषय वाचणारी माणसं मला माहीत आहेत, ती काही वाया गेलेली नाहीत.

मॅडमकडे जाताना सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, दोन पानांचं ने. त्यात फ्रँकल दुसऱ्या पानावर येऊ दे.

आणि त्याच्याही आधी एक कर. सहा-बाराची गाठायची म्हणजे डबा किती वाजता तयार व्हायचा, आई किती वाजता उठायची, आणि आता तिला किती वाजता जाग येते, ते तिला विचार. रेकॉर्डर नको. चहा करून ने आणि नुसतं विचार.